आरोंद्याच्या टाकीवरची तीट

बांगड्याचं कालवण पानात पडलं की आमचे घरमालक आधी उठून पडदा ओढायचे. त्यांच्या जेवणघराच्या आणि पाळलेल्या माशांच्या खोलीच्या मध्ये एक जुना फुलाफुलांचा पडदा होता. एरवी तो दिवसभर उघडा. आम्ही सामान घेऊन उतरलो त्या दिवशी त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं, तेव्हा मी सहज विचारलं, काका, ऊन येतं का? ते म्हणाले, "ऊन नाय, वैनी. तेंका कित्या दाखवचां?" आणि मग निवांत मांडी घालून दोन बांगडे काट्यांसकट चोखून खाल्ले. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी भाताकडे बघितलं. घर स्वस्तात मिळालं होतं, तेव्हा एवढं चालायचंच.

शिरोड्यात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून आयुष्य काढलेलं, रिटायर होऊनही कंट्रोलरच. त्यांचा दिवस गाड्यांवर चालायचा. पहिली बांदा गेली की चहा, सावंतवाडी आली की आंघोळ, आणि दुपारची आरोंदा चुकली तर ते अस्वस्थ होऊन अंगणात येरझाऱ्या घालायचे. स्वतः मात्र कुठल्याच गाडीत बसायचे नाहीत. म्हणायचे, सगळ्या गाड्या सुटल्या पाहिजेत आणि कुणीतरी इथंच राहिलं पाहिजे, तर हिशेब लागतो.

त्यांच्याकडे दोन भाषा होत्या. माणसांशी मालवणी आणि माशांशी स्टँडवरच्या लाऊडस्पीकरची मराठी. खाणं घालायची वेळ झाली की टाकीसमोर ताठ उभे राहून म्हणायचे, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मी एकदा हसले, तर गंभीरपणे मला समजावलं की ही मासळी भायरची, तिला मालवणी कळायची नाही. मीही सातारची, मलाही सुरुवातीला कळत नव्हती. पण माझ्याशी ते शुद्ध बोलायचे नाहीत. याचा अर्थ मी आपल्यातली की माशांपेक्षा खालची, हे मला आजवर समजलेलं नाही.

हे मासे डिस्कस जातीचे. गोल, चपटे, खाऊच्या ताटलीएवढे, आणि चालणं असं संथ की जणू सगळं आधीच ठरलेलं आहे. किनाऱ्यावरचं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा तिथल्या काचेच्या टाकीतले मासे कुणी न्यायला तयार नव्हतं. कंट्रोलर दुधाच्या कॅनमधून घेऊन आले. जगायचे नाहीत म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं. पण ह्या माशाला लागतं हलकं, गोडं पाणी, आणि जांभ्या दगडातल्या त्यांच्या विहिरीचं पाणी नेमकं तसं निघालं. त्या विहिरीचा त्यांना इतका अभिमान की नवीन माणूस आला की आधी पेला पुढे करायचे, मग बसायला सांगायचे. गावातले लोक माशांकडे बघून एकच विचारायचे, खायला कसा लागतो? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "तू कसो लागतलस, तसोच."

टाक्यांना नावं होती. स्टँडवरच्या भंगारातून आणलेल्या पत्र्याच्या पाट्या त्यांनी एकेका टाकीवर टांगल्या होत्या. मुंबई, बांदा, आरोंदा. मुंबईत राहायची पांढरी जोडी. दुधात केशर कालवल्यासारखा रंग, बघणाऱ्याचे पाय तिथंच थांबत. आरोंद्यात राहायची तपकिरी जोडी, ओल्या मातीच्या रंगाची, जिच्याकडे कुणी दोनदा बघत नसे. हॉटेलातून येताना कॅनच्या तळाशी चुकून आली होती म्हणे.

आता आमचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं लग्न झालं तेव्हा जुई पाच वर्षांची होती. तिची आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी घरात आले ती दुसरी होऊन, हे मला माहीत होतं आणि जुईलाही माहीत होतं. ती मला त्रास द्यायची नाही. उलट तिनं त्रास दिला असता तर बरं झालं असतं. ताटात वाढलेलं खायची, सांगितलेलं करायची, आणि मला काहीच म्हणायची नाही. हाकच नाही. काही हवं असलं तर समोर येऊन उभी राहायची, मी वर बघेपर्यंत.

रोज सकाळी शाळेला जाताना मी तिच्या गालावर काजळाची तीट लावायचे. आमच्याकडे लेकराला तसंच घराबाहेर सोडत नाहीत. जुई मुकाट लावून घ्यायची, फाटकापर्यंत जायची आणि तिथं फ्रॉकच्या टोकानं पुसून टाकायची. मी खिडकीतून बघायचे. मी रोज लावायचे, ती रोज पुसायची. दोघीही हट्टी.

बांद्याच्या बाजूला जुईचं आजोळ. आजी एक-दोन महिन्यांनी येऊन जात. बाई वाईट नव्हत्या. लेक गेलेली, तिची एवढी एकच खूण उरलेली. गणपतीनंतर आल्या तेव्हा त्यांनी जुईला शेजारी घेऊन बराच वेळ काही विचारलं, आणि जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "दिवाळेपर्यंत बघूया. चेडू रमला तर बरां, नाय तर मी घेवन जातंय." ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, तिच्या मनावर आहे. माझ्या मनावर काय आहे ते कुणी विचारलं नाही. मला ती पोर हवी होती. मी तिला जन्म दिला नव्हता, पण तिच्या फ्रॉकचं काजळ रोज मीच धुवत होते.

जुई घरात कमी आणि कंट्रोलरांच्या पायरीवर जास्त असायची. का, ते मला नंतर कळलं. ते तिला काही विचारायचे नाहीत. शाळेत काय झालं, आईची आठवण येते का, नवी आई कशी आहे, गावातलं प्रत्येक माणूस तिला हेच विचारायचं. कंट्रोलर फक्त सांगायचे. बारीक केलेली कोळंबी किती घालायची, रोज पाणी का बदलायचं. लाईट गेली तेव्हा त्यांनी टाक्यांना गोधड्या गुंडाळल्या आणि जुईला घेऊन तास-तासभर तांब्यानं पाणी वरून ओतत बसले, माशांना श्वास मिळावा म्हणून. तिची संध्याकाळची आंघोळ त्यातच झाली. मी डोकं पुसायला टॉवेल घेऊन गेले तर तिनं टॉवेल घेतला आणि स्वतःच पुसलं.

त्यांच्या जिवाला एकच घोर लागला होता, तो मुंबईचा. डिस्कसची पिल्लं पोहायला लागली की आईबापाच्या अंगाला जाऊन चिकटतात. त्या दिवसांत मोठ्या माशांच्या अंगावर एक साय सुटते, तेच पिल्लांचं पहिलं खाणं. दुसरं काही त्यांना चालत नाही. एकाला कंटाळा आला की तो अंग झटकतो, सगळी पिल्लं दुसऱ्याच्या अंगावर जातात. बघायला मिळालं तर बघत राहावं असं आहे ते. पण मुंबईची पांढरी जोडी दरवेळी अंडी घालायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खाऊन टाकायची. तीन वर्षं हेच चाललं होतं. मादी म्हातारी व्हायला लागली होती. उलट आरोंद्याच्या जोडीची अंडी कधी फळायचीच नाहीत, पांढरी पडायची, तरी ते दोघं त्या पांढऱ्या अंड्यांना पंखांनी वारा घालत बसायचे. कंट्रोलरांनी ठरवलं होतं की दोन्ही माद्यांनी एकाच वेळी अंडी घातली की मुंबईची अंडी आरोंद्याला द्यायची. मी म्हटलं, असं कुठं असतं का? ते म्हणाले, "अर्धो जिल्हो तसोच वाढलो, वैनी. आईबापूस मुंबयक, पोरां हंय."

आणि ही वेळ आली ती नेमकी त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर. मोतीबिंदू पिकला होता. टाकीत काम आहे म्हणून त्यांनी दोनदा तारीख चुकवली होती, शेवटी ह्यांनीच त्यांना गाडीत घालून नेलं. वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, असं पंधरा दिवसांचं पथ्य. घरी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी जुई पळत आली. मुंबईनं अंडी घातली होती. आरोंद्यानं आदल्याच दिवशी घातली होती.

मग काय, त्यांनी दारात खुर्ची टाकली. डोळ्यावर हिरवी झडप, त्यावर काळा चष्मा, आणि हुकूम सुरू. मला म्हणाले, हात धुवा, साबण नको. धुतले. हात नाकाशी नेऊन हुंगले, म्हणाले, "कांदो." परत धुतले. तीन वेळा धुतल्यावर पास झाले. अंडी उपड्या ठेवलेल्या लहान कुंडीवर होती. ती कुंडी वारा न लागता पाण्यातल्या पाण्यात टोपात घ्यायची आणि टोप उचलून दुसऱ्या टाकीत बुडवायचा. टोप एकटीला पेलणारा नव्हता. जुई पुढे आली आणि तिनं दुसरा कान धरला. लग्न झाल्यापासून आम्ही दोघींनी एका भांड्याला हात लावायची ती पहिलीच वेळ. कंट्रोलर खुर्चीतून गाडी रिव्हर्स घ्यावी तसे सांगत होते, येऊंदे, येऊंदे, डावीकडे, येऊंदे, बस. माझा घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. जुईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि टोप थोडा आपल्याकडे घेतला, जड बाजू तिच्याकडे.

आरोंद्याची पांढरी पडलेली अंडी आम्ही काढून घेतली होती. त्यांच्या जागी ही कुंडी. तपकिरी नर आला, कुंडीभोवती एक फेरी मारली, थांबला. मग मादी आली आणि जणू काही झालंच नाही अशी पंखांनी वारा घालायला लागली. माझं काय झालं सांगते. मला त्या माशाचा हेवा वाटला. लाज वाटते कबूल करायला, पण वाटला. एवढं सोपं असतं का, असं मनात आलं आणि मी पदर खोचून भांडी घासायला निघून गेले.

अंडी फुटली, कुंडीवर बारीक बारीक शेपट्या वळवळायला लागल्या. बातमी गावभर. बायका बघायला आल्या, तोंडाला पदर लावून म्हणाल्या, कितकी गो ही. एकीनं तर बोटानं मोजायलाच सुरुवात केली. त्या गेल्यावर मी घरातून काजळाची डबी आणली आणि टाकीच्या काचेवर, बाहेरून, कोपऱ्यात चांगला रुपयाएवढा काळा ठिपका लावला. एवढ्या जिवांना दृष्ट लागली तर निस्तरायचं कुणी? कंट्रोलरांना सांगितलं नाही. त्यांना दिसणारही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं सुटली. म्हणजे कुंडी सोडून पोहायला लागली. मी आत जाऊन बघितलं आणि खूश होऊन दारातल्या खुर्चीला वर्दी दिली की सगळी छान एकत्र आहेत, कोपऱ्यात.

"खंयच्या कोपऱ्यात?"

मी सांगितलं, पुढच्या, खालच्या. ते उठून आत आले, काचेला नाक लावलं. एका डोळ्याला झडप आणि दुसरा आधीच अधू, त्यांना काय दिसणार. तोवर जुई माझ्या मागून येऊन बसली होती. ती म्हणाली, "ती तीट खातायत."

खरंच होतं. आख्खा थवा माझ्या काजळासमोर गोळा होऊन काचेला चोची मारत होता. तपकिरी जोडी मधोमध उभी, अंग सायीनं भरलेलं, आणि पिल्लं तिच्याकडे पाठ करून. काही तर तळाला पडायला लागली होती. मला रडू फुटायचं बाकी होतं. मी सांगितलं की मीच लावली, दृष्ट लागू नये म्हणून. आता बोलणी बसणार, घर सोडायची वेळ येणार असं वाटलं. तीन वर्षं वाट बघून मिळालेली शेवटची खेप, आणि मी ती एका काजळाच्या बोटानं घालवली.

ते ओरडले नाहीत. खाली बसले आणि म्हणाले, "तेंका आई कळणा नाय, वैनी. जां काळां दिसता आणि गप रवता, तेका जावन चिकाटतत. ती तीट पुसा. मगे कोण हलू नुकात."

मी पदरानंच पुसली. त्यांच्या सांगण्यावरून टाकीतलं पाणी नळीनं अर्ध्यावर आणलं, म्हणजे पिल्लांना लांब जायला नको. आणि आम्ही तिघं जमिनीवर बसलो. पिल्लं गोंधळली, इकडेतिकडे विखुरली. तपकिरी मादी जागची हलली नाही. कुणाच्या मागे गेली नाही, कुणाला बोलावलं नाही, नुसती उभी. मी इतकी वर्षं सगळ्यांच्या मागे मागे फिरून कामं करणारी बाई, मला ते उभं राहणं बघवत नव्हतं. दोनदा मी उठायला गेले आणि दोनदा जुईनं माझ्या साडीचा काठ धरून मला खाली बसवलं.

मग जुई म्हणाली, एक बसलं. थोड्या वेळानं म्हणाली, अजून दोन. कंट्रोलर फक्त विचारत होते, खंय, खंय, आणि ती सांगत होती, पाठीवर, पंखाखाली, आता पोटावर. दुपारची आरोंदा गाडी स्टँडवरून सुटल्याचा हॉर्न आला तेव्हा ती तपकिरी मादी अंगाला दाढी आल्यासारखी दिसत होती. तळाला पडलेली गेली ती गेली. बाकीची जगली. कंट्रोलरांनी काळा चष्मा काढला, झडपेखालून गालावर ओघळ आलेला होता. म्हणाले, "डॉक्टराक सांगू नुकात."

त्या दिवशी संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. जुई समोर येऊन उभी राहिली. मी वर बघायच्या आत बोलली, ही नवीनच गोष्ट. म्हणाली, "तुम्ही त्यांना का लावली तीट?"

मी म्हटलं, "जपायची होती म्हणून."

"मला पण त्यासाठीच लावता?"

मी म्हटलं, हो, मग कशासाठी. मला वाटलं ती आणखी काही विचारेल. ती तांदळातला एक खडा उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी तीट लावायला गेलेच नाही. काजळाचा धसकाच घेतला होता, आणि खरं सांगायचं तर त्या तपकिरी माशाकडे बघून मी ठरवलं होतं की आता आपणही गप उभं राहून बघावं. वेणी तिची तिनं घातली, वाकडी. दप्तर घेतलं. फाटकापर्यंत गेली आणि परत आली. हातात काजळाची डबी होती, कपाटातून तिनंच काढलेली. म्हणाली, "कानामागे लावा. गालावर पोरं हसतात."

लावली. जरा मोठीच लागली. खिडकीशी गेले नाही. आपल्याला बघवणार नाही म्हणून गेले नाही.

आता जुई आठवीत आहे आणि आमची बदली होऊन तीन गावं झाली. कंट्रोलरांचा फोन येतो, तोही गाड्यांच्या वेळेवर. केशरी-पांढऱ्या माशांनी आता त्यांच्या चार टाक्या भरल्या आहेत, पाट्या कमी पडल्या म्हणून एका टाकीवर नुसतं 'विनंती थांबा' लिहिलंय. तपकिरी जोडी अजून आहे. जुईशी ते फोनवर तासभर बोलतात आणि अजूनही तिला काही विचारत नाहीत.

पण मला त्यांची आठवण येते ती भाऊबीजेच्या दुपारची. आजी आल्या होत्या. ठरल्याप्रमाणे मी जुईची पिशवी स्वतः भरून ओसरीवर ठेवली होती, फ्रॉक इस्त्री करून, खाऊ बांधून. माझ्या तोंडावर कुणी म्हणू नये की हिनं अडवून ठेवलं. जुईला मी काही बोलले नव्हते. कंट्रोलर त्यांच्या पायरीवर बसले होते, झडप निघाली होती. आजींनी जुईला पुढ्यात घेतलं, वाकडी वेणी सोडली आणि नीट घालायला लागल्या. केस बाजूला केले तर कानामागे काळं दिसलं. त्यांना वाटलं मळ. "ह्यां काय गो लागला?" म्हणत त्यांनी पदराचं टोक जिभेला लावलं आणि पुसायला गेल्या.

जुईनं कानावर घट्ट हात ठेवला. म्हणाली, "पुसू नुको, आजये. ती माझी आसा."

आजींचा हात तसाच राहिला, पदराचं ओलं टोक बोटात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नाही, मला हलताच आलं नसतं. मग त्यांनी तो पदर स्वतःच्याच डोळ्यांना लावला आणि वेणी पूर्ण घातली, घट्ट, रिबिनीसकट. वेणी झाल्यावर जुईच्या पाठीवर थोपटून म्हणाल्या, "बरां. रव मगे."

कंट्रोलर पायरीवरून उठले. सदरा खाली ओढला, ताठ उभे राहिले आणि पहिल्यांदाच आम्हा माणसांशी त्यांच्या स्टँडवरच्या मराठीत बोलले. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. शिरोडा–बांदा गाडी चार वाजून चाळीस मिनिटांनी सुटेल. प्रवासी एकच."

जुईची पिशवी मी आत नेली.